मशीनगनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न : कागदावरचे आकडे आणि खांद्यावरचं वजन

दोन मशीनगनांची तुलना सुरू झाली की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘मिनिटाला किती गोळ्या?’ आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते. ज्यांनी ती गन खांद्यावर घेऊन चढ चढलेला असतो, ते मात्र गोळ्यांच्या वेगाबद्दल फारसं बोलत नाहीत. ते वजनाबद्दल, नळीबद्दल, चिखलाबद्दल आणि शेजारी आडव्या पडलेल्या जोडीदाराबद्दल बोलतात. खालची उत्तरं त्या बाजूने लिहिली आहेत.

एलएमजी, एमएमजी, एचएमजी आणि जीपीएमजी यांत फरक काय?

ढोबळमानाने, एलएमजी (लाइट, म्हणजे हलकी मशीनगन) एकटा माणूस उचलून पळू शकतो आणि ती दोन पायांच्या बायपॉडवर चालते. एमएमजी (मीडियम, मध्यम) तिपाईवर बसते आणि तिच्यामागे पथक लागतं. एचएमजी (हेवी) म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या आसपासच्या व्यासाची जड गोळी झाडणारी; ती शक्यतो वाहनावर असते किंवा पक्क्या मोर्चात. जीपीएमजी (जनरल पर्पज) म्हणजे सर्वकामी गन. बायपॉडवर ठेवली की एलएमजी, तिपाईवर चढवली की एमएमजी. ही कल्पना जर्मनांनी १९३० च्या दशकात एमजी-३४ मधून रुजवली आणि पुढे जवळजवळ सगळ्यांनी उचलली. सर्वकामी वस्तूचं जे होतं तेच हिचंही झालं : दोन्ही कामं करते, पण उचलणाऱ्याला जरा जडच वाटते.

सगळ्यात चांगली मशीनगन कोणती?

कुणाच्या खांद्यावर, कुठे आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. तरी आग्रहच असेल तर माझं मत असं : पायी चालणाऱ्यासाठी रशियन पीकेएम, एका जागी बसून तासन् तास मारा करायला बेल्जियन एफएन मॅग, आणि वाहनावर अमेरिकी ब्राउनिंग एम-२. यावर भांडणं होतात, होऊ देत.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन एमजी-४२ मिनिटाला १२०० गोळ्या झाडायची, ब्रिटिश ब्रेन फक्त ५००. म्हणजे एमजी-४२ दुपटीने भारी नाही का?

आधी हिशेब करू. मिनिटाला १२०० म्हणजे सेकंदाला २०. अडीचशे गोळ्यांचा बेल्ट साडेबारा सेकंदांत रिकामा. बेल्ट खांद्यावर वाहून आणणाऱ्याला हे आकडे मुळीच आनंदाचे वाटत नाहीत. शिवाय त्या वेगाने नळी इतकी तापते की अडीचशेच्या आसपास गोळ्या सलग गेल्या की ती बदलावीच लागते. त्यामुळे प्रत्यक्षात जर्मन गनर चाप दाबून धरून बसत नसे. छोटे छोटे बर्स्ट (काही गोळ्यांची सलग फैर), मध्ये श्वास, पुन्हा बर्स्ट.

मग एवढा वेग ठेवलाच कशाला? शत्रू उघड्यावर दिसतो तो दोन-तीन सेकंदच. खड्ड्यातून उठतो, धावतो, पुन्हा आडवा होतो. त्या दोन सेकंदांत चाळीस गोळ्या टाकता आल्या तर काम होतं, हा त्यामागचा विचार. जर्मन तुकडीची रचनाही तशीच होती. गन हा केंद्रबिंदू, आणि बाकीचे रायफलवाले बऱ्याच अंशी तिला गोळ्या पुरवायला आणि तिचं रक्षण करायला.

एमजी-४२ चं खरं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं. एमजी-३४ चे भाग घडवायला कातकाम फार लागे. एमजी-४२ बरीचशी पत्र्यातून ठोकून काढलेली. ती लवकर तयार होई, स्वस्त पडे, आणि तिच्यात मोकळी जागा जास्त असल्याने धूळही सोसायची. युद्ध संपेपर्यंत अशा चार लाखांहून अधिक गन बनल्या. तिचीच ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती, एमजी-३, पुढे पश्चिम जर्मनीच्या सैन्याने कित्येक दशकं वापरली.

ब्रेन ‘गरजेपेक्षा जास्त अचूक’ होती म्हणतात. अचूकता हा दोष कसा?

मशीनगनचं काम एका बिंदूवर गोळी मारण्याचं नसतं, एका पट्ट्यावर गोळ्या पसरण्याचं असतं. दूरवर पडणाऱ्या गोळ्यांचा लांबट अंडाकृती शिडकावा होतो, आणि त्या शिडकाव्यात जो असेल त्याने डोकं वर काढू नये, हा हेतू. ब्रेनचा शिडकावा फार आटोपशीर पडतो अशी जुन्या सैनिकांची तक्रार. खरी की हौसेने रंगवलेली, यावर वाद आहे. माझ्या मते ती तक्रार कमी आणि कौतुक जास्त.

ब्रेनचं मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातलं. ब्रनोचे पहिले दोन आणि इंग्लंडमधल्या शस्त्रकारखान्याच्या, एनफिल्डच्या, नावाचे पहिले दोन अक्षरध्वनी जोडून नाव पडलं. ब्रिटिश सैन्यात ती १९३८ मध्ये आली. मॅगझिन वरून बसतं, त्यामुळे नेम धरायची माशी मधोमध ठेवता येईना. ती डावीकडे सरकवली. मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावत, पण जाणते सैनिक २८ च भरत. कारण तिच्या पॉइंट ३०३ इंची काडतुसाला मागे कडा असते, आणि भरताना एकाची कडा दुसऱ्याच्या मागे अडकली की ऐन वेळी गन थांबायची. प्रत्येक काडतूस बोटाने पुढे ढकलून, कडा तपासून भरायचं. रात्री, थंडीत, बोटं बधिर झालेली असताना.

आणि तरीही ब्रेनबद्दल वाईट बोलणारा सैनिक विरळा. ७.६२ मिलिमीटरमध्ये बदललेली ब्रेन १९८२ च्या फॉकलंड युद्धात आणि १९९१ च्या आखाती युद्धातही होती.

नळी बदलतात म्हणजे नक्की काय करतात?

एफएन मॅगचं उदाहरण घेऊ. गनर थांबतो, बोल्ट मागे खेचून सेफ्टी लावतो. शेजारचा दोन नंबर, म्हणजे गनरचा जोडीदार, नळीच्या मुळाशी असलेली कळ दाबतो, उचलायचा दांडा उभा करतो आणि नळी पुढे ओढून काढतो. गरम नळी गवतावर ठेवली तर गवत धुमसायला लागतं, बर्फावर ठेवली तर चर्रर्र होतं. मग दुसरी नळी आत सारायची आणि दांडा खाली फिरवताना खट्-खट् आवाज मोजायचे. दोनपेक्षा कमी किंवा सातपेक्षा जास्त आले तर काहीतरी चुकलंय. ती नळी वापरायची नाही. अंधारात डोळ्यांना काही दिसत नाही तेव्हा हे खटके कामी येतात. सरावलेली जोडी हे सगळं काही सेकंदांत उरकते.

अमेरिकी सैन्याच्या एम-२४० या मॅगच्याच बहिणीसाठी शिकवण अशी : मिनिटाला १०० गोळ्यांच्या संथ माऱ्यात दर दहा मिनिटांनी नळी बदला, २०० च्या माऱ्यात दर दोन मिनिटांनी, आणि चाप दाबूनच ठेवलात तर दर मिनिटाला. कागदावरचे ६५० ते ९५० आणि प्रत्यक्षातले १००, एवढी तफावत असते.

पूर्वी पाण्याने थंड होणाऱ्या गन होत्या. त्या चांगल्या नव्हत्या का?

मारा करत राहण्यात त्यांना तोड नव्हती. हायरम मॅक्झिमने १८८४ मध्ये धक्क्याच्या जोरावर आपोआप भरणारी गन बनवली, आणि विकर्स ही तिचीच सुधारलेली वारसदार. नळीभोवती सुमारे चार लिटर पाण्याचं आवरण. पाणी उकळायला लागलं की वाफ रबरी नळीतून डब्यात नेऊन पुन्हा पाणी करायची, म्हणजे पाणीही वाचतं आणि वाफेचा ढग जागाही दाखवत नाही. त्या पाण्यावर चहा केल्याचे किस्से खूप सांगतात. तेलकट लागायचा म्हणे.

अडचण एकच : गन, तिपाई, पाणी, डबा, गोळ्यांच्या पेट्या हे सगळं वाहायला अख्खं पथक लागायचं. १९१२ मध्ये आलेली विकर्स ब्रिटिशांनी १९६८ मध्ये निवृत्त केली. तिला चालवलेल्यांनी तिच्या भरवशाबद्दल तक्रार केलेली फारशी सापडत नाही. तक्रार असायची ती पाठीची.

व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांनी आपल्या एम-६० मशीनगनला ‘डुक्कर’ का म्हटलं?

वजनामुळे, आवाजामुळे, आणि ती गोळ्या ज्या वेगाने गिळायची त्यामुळे. पण त्यात लाडही होता, हे विसरू नये. जंगलात घात लावून बसलेल्या शत्रूसमोर तीच गन सोबत्यांना वाचवायची.

दोष मात्र खरे होते आणि ते आराखड्यातलेच होते. जुन्या एम-६० मध्ये बायपॉड नळीलाच जोडलेला. म्हणजे नळी काढली की गनला टेकायला पाय नाहीत, आणि जादाची प्रत्येक नळी वाहायची तर तिच्यासोबत बायपॉडही वाहायचा. नळीला धरायला दांडा नाही. त्यासाठी अॅस्बेस्टॉसचा हातमोजा. तो मोजा हरवला की नळी बदलणं म्हणजे तापलेला तवा नुसत्या हाताने उचलण्यासारखं. गॅसचा दट्ट्या उलटा बसवता येत असे. उलटा बसला की मशीनगन एकेक गोळी झाडून थांबायची. चाप पकडणारा भाग झिजला की चाप सोडल्यावरही गन सुटलेल्या बैलासारखी झाडतच राहायची, आणि मग बेल्टला पीळ देऊन तिला उपाशी मारावं लागे.

सैनिकांनी यावर आपापले उपाय काढले. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे रेशनचा रिकामा पत्र्याचा डबा. बेल्ट जिथून आत जातो तिथे तो डबा बांधायचा, म्हणजे लोंबणारा बेल्ट डब्याच्या गोल पाठीवरून सरळ आत सरकतो. अभियंत्यांना जे सुचलं नाही ते जेवणाच्या डब्याने केलं. ढिला होणारा नट तारेने बांधून ठेवणं हा दुसरा उपाय. पुढच्या आवृत्त्यांत यातले बरेच दोष दूर केले, पण तोवर नाव खराब झालं होतं.

एफएन मॅग सगळीकडे का दिसते?

कारण ती चालते. बेल्जियममध्ये १९५० च्या दशकात बनली, ऐंशीच्या आसपास देशांनी घेतली. अमेरिकेने १९७७ मध्ये ती आधी रणगाड्यांसाठी स्वीकारली, आणि पुढे पायदळातल्या एम-६० ची जागाही तिलाच दिली. वजन ११.८ किलो, हाच तिचा एकमेव मोठा दोष. ब्रिटिश सैनिक हिला लाडाने ‘जिंपी’ म्हणतात.

आणि पीकेएम?

इथे जरा थांबायला हवं. कलाश्निकोव्ह यांनी पीके १९६१ मध्ये दिली आणि १९६९ मध्ये तिची हलकी आवृत्ती पीकेएम आली. वजन साडेसात किलो. मॅगपेक्षा चार किलोंहून जास्त हलकी, आणि गोळीची ताकद त्याच तोडीची. चार किलो म्हणजे सव्वाशेहून अधिक जास्तीच्या गोळ्या. दोन्ही उचलून पाहिलेल्या माणसाला यावर फार युक्तिवाद लागत नाही.

तिची काडतुसं १८९१ च्या रशियन रायफलची, मागे कडा असलेली. अशी काडतुसं बेल्टमधून सरळ पुढे ढकलता येत नाहीत. आधी मागे ओढायची, मग खाली, मग पुढे. एवढी कसरत असूनही ती अडत नाही, यातच कारागिरी आहे. तिचा बेल्ट सुटा होत नाही. मॅगच्या बेल्टच्या कड्या झाडून झाल्या की सुट्या होऊन पडतात, पीकेएमचा बेल्ट मात्र रिकामा होऊन लोंबकळत राहतो. धावताना पायात येतो हे खरं, पण तोच पुन्हा भरता येतो. शिवाय बेल्ट उजवीकडून आत जातो आणि रिकाम्या पुंगळ्या डावीकडे पडतात, बहुतेक पाश्चात्त्य गनांच्या उलट. सवय दुसरीकडची असेल तर हात सुरुवातीला चुकीच्या बाजूला जातात.

५.५६ मिलिमीटरच्या हलक्या गन, म्हणजे मिनिमी किंवा एम-२४९, कशा वाटतात?

मोठा फायदा गोळ्यांचा. ७.६२ च्या शंभर गोळ्यांचा बेल्ट सुमारे तीन किलो भरतो. तेवढ्याच वजनात ५.५६ च्या दोनशे येतात. तुकडीतला एक माणूस एकट्याने गन आणि पुरेशा गोळ्या घेऊन पळू शकतो.

तक्रारी मात्र ठरलेल्या. प्लास्टिकची पेटी चालताना खुळखुळते, रात्रीच्या गस्तीत तो आवाज जिवावर येतो. धक्का लागला की निसटून पडते. म्हणून कापडी पिशव्या आल्या. अडीनडीला रायफलचं मॅगझिनही बसतं अशी सोय आहे, पण तसं चालवलं की ती जास्त अडते. त्यामुळे अनुभवी गनर ती सोय असून नसल्यासारखी धरतात. आणि अफगाणिस्तानच्या उघड्या दऱ्यांत, जिथे शत्रू समोरच्या धारेवरून मारा करायचा, तिथे छोटी गोळी तोकडी पडू लागली. मग ब्रिटिश गस्ती पुन्हा जिंपी पाठीवर घेऊन निघाल्या.

दोन नंबरचा माणूस खरंच लागतो का?

लागतो. गनरला बर्स्ट सोडताना धूर, धूळ आणि थरथर यांतून फारसं काही दिसत नाही. गोळ्या कुठे पडताहेत ते दोन नंबर बघतो : ‘खाली पडतायत, थोडं वर’, ‘डावीकडे’. बेल्ट तळहातावर तोलून धरतो म्हणजे तो पिळला जात नाही. गोळ्या संपत आल्या की नवा बेल्ट जोडतो, तापलेली नळी काढतो. आणि गनर पडला तर त्याच्या जागी सरकतो. ब्रेनच्या काळी तर तुकडीतला प्रत्येक जण आपल्या पाउचमध्ये ब्रेनची मॅगझिनं बाळगायचा. ज्या सैनिकांच्या आठवणी वाचाव्यात त्यात हा दोन नंबर जवळजवळ भावासारखा येतो.

चित्रपटासारखं उभ्याने, कमरेवरून झाडता येतं का?

झाडता येतं. लागत कुणालाच नाही.

ट्रेसर कशासाठी?

साधारण चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर, म्हणजे जळत जाणारी गोळी, असतो. त्याची उजळ रेघ मारा कुठे जातोय ते दाखवते. ती रेघ दोन्ही टोकांकडून दिसते, म्हणून रात्री एकाच जागी फार वेळ थांबणं शहाणपणाचं नाही.

ब्राउनिंग एम-२ एवढी जुनी असून अजून का वापरतात?

जॉन ब्राउनिंग यांनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी तिच्यावर काम सुरू केलं. जड नळीची आवृत्ती १९३३ पासून आहे. गन ३८ किलो, तिपाईसह ५८. पायदळाने ती वाहायची म्हणजे शिक्षाच, पण जीपवर, रणगाड्यावर, जहाजावर तिला पर्याय सापडलेला नाही. १९६७ मध्ये कार्लोस हॅथकॉक या अमेरिकी नेमबाजाने तिच्यावर दुर्बीण बसवून २२८६ मीटरवर नेम साधला, आणि तो विक्रम २००२ पर्यंत टिकला.

तिचा एक छळ मात्र पिढ्यान् पिढ्या होता. नळी बसवल्यावर बोल्ट आणि नळी यांतलं अंतर मापकाने स्वतः जुळवावं लागे. चुकलं तर काडतूस आतच फुटून गन चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतं. ते मापक हरवणं हा मोठा गुन्हा समजला जाई. एम-२ए१ या आवृत्तीत हे जुळवणं कायमचं संपलं, पण त्याला २०१० नंतरचा काळ उजाडावा लागला.

गन अडते तेव्हा काय होतं?

आधी शांतता होते, आणि समोरच्यालाही ती ऐकू येते. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच शोशा या हलक्या मशीनगनचं मॅगझिन एका बाजूने उघडं होतं, गोळ्या किती उरल्या ते दिसावं म्हणून. खंदकातल्या चिखलालाही ते उघडंच होतं. २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या वानत इथल्या चौकीवर मोठा हल्ला झाला, ९ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्या लढाईत सतत मारा करून शस्त्रं तापली आणि काही बंद पडली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. तिथे दोष गनचा की तिच्याकडून मागितलेल्या कामाचा, यावर अजून एकमत नाही. मला दुसरं जास्त पटतं.

मशीनगनच्या समोर असणाऱ्यांचा अनुभव काय?

दुसऱ्या महायुद्धात एमजी-४२ च्या फाटल्यासारख्या आवाजाची अमेरिकी सैनिकांनी एवढी धास्ती घेतली की सैन्याला ती कमी करायला प्रशिक्षणपट काढावा लागला. त्यात सांगणं असं, की ती भुंकते जास्त, चावते कमी. तिच्या माऱ्यात सापडलेल्यांना ते कितपत पटलं असेल!

यशवंत घाडगे यांची हकिकत इथे आठवते. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे नायक १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होते. जवळून सुरू झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे थेट गनवर धावले, ग्रेनेड फेकून गन आणि गनर संपवला, टॉमीगनने एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा तपशील पुन्हा वाचताना लक्षात येतं, की गनशी एकटा भिडला तरी समोर एकटा माणूस नव्हता. अख्खं पथक होतं.

सैनिक सांगतात त्यावर किती विसंबावं?

बरंच, पण प्रश्न विचारून. ज्या गनने जीव वाचवला तिचं कौतुकच होणार, आणि जी एकदाच, नको त्या क्षणी अडली ती जन्मभर वाईट. अमेरिकेत २००६ च्या सुमारास लढाईतून परतलेल्या अडीच हजारांहून अधिक सैनिकांना विचारलं गेलं, तेव्हा एम-२४९ वाल्यांपैकी ३० टक्क्यांनी चकमकीत ती अडल्याचं सांगितलं. त्यातल्या किती गन वर्षानुवर्षं झिजलेल्या होत्या, हा पुढचा प्रश्न आधी विचारायला हवा. नवी कोरी गन आणि पाच तुकड्यांच्या हातून गेलेली गन, नाव एकच असलं तरी एक नसतात.

आता पुढे काय?

अमेरिकी मरीननी बऱ्याच ठिकाणी बेल्टची गन सोडून ३० गोळ्यांच्या मॅगझिनची एम-२७ घेतली : कमी गोळ्या, जास्त नेम. तिथल्याच भूसेनेने २०२२ मध्ये उलटी वाट धरून ६.८ मिलिमीटरची नवी बेल्टवाली गन निवडली. शंभर वर्षं हाच लंबक हलतोय.

कानांचं काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. मशीनगनचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि जुन्या काळी कानात घालायला धड काही नसे. असलं तरी हुकूम ऐकू यावेत म्हणून सैनिक ते काढून टाकत. अमेरिकी माजी सैनिकांच्या सेवेतून आलेल्या व्याधींत कानात सतत घुमणारा आवाज सगळ्यात वर आहे. दोन नंबरवाल्याचा बहुधा गनकडचा कान आधी जातो. बेल्ट तळहातावर धरून, गोळ्या कुठे पडताहेत ते बघत तो तिच्या अगदी शेजारी पडलेला असतो.